कात्रीआधी उसवणी: जुन्या कपड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या कपड्यांतून नवे कपडे शिवण्याबद्दल लिहिलं आणि प्रश्नांचा ढीग आला. निम्म्या पत्रांत एकच विचारणा होती: जुन्या जीन्सची पिशवी कशी शिवायची? त्याचं उत्तर या पानावर मिळणार नाही. पिशव्या पुष्कळ झाल्या. अंगावर घालायचं कापड शक्यतो पुन्हा अंगावरच यावं, हा माझा हट्ट आहे. त्या हट्टात बसणारे प्रश्न निवडले आहेत.

ताई, नवऱ्याचे सुती शर्ट साठले आहेत. कॉलर झिजल्या म्हणून तो घालत नाही, बाकी कापड ठणठणीत आहे. चार वर्षांच्या मुलीला फ्रॉक शिवायचा आहे. बेतता येतं, पण शर्ट समोर ठेवला की कुठून कापावं तेच सुचत नाही.
— नुकतीच शिवण शिकलेली

आधी त्यातले निदान दोन शर्ट नवऱ्याला परत करा. कॉलर झिजली म्हणून शर्ट संपत नाही. कॉलर मानेपाशी दुमडते त्या घडीवर विरते, तिची खालची बाजू जवळजवळ कोरी असते. कॉलर आणि तिच्याखालची उभी पट्टी यांच्यामधली शिवण उसवा. उसवण्याआधी दोन्हींच्या मध्यावर रंगीत दोऱ्याचा टाका घालून ठेवा, नाहीतर परत लावताना कॉलर एका बाजूला सरकते. मग कॉलर उलटी करून त्याच फटीत सरकवा, कच्चा टाका घाला आणि जुन्या भोकांवरूनच टीप मारा. टोकांत प्लॅस्टिकच्या पट्ट्या सरकवायच्या खाचा असतील तर त्या आता वर दिसतील, त्या हाताने टाका घालून बंद करा. झालं. एका दुपारचं काम आहे आणि कापडाची एक चिंधीसुद्धा पडत नाही.

आता फ्रॉक. एक शर्ट धुऊन, इस्त्री करून खिडकीसमोर उजेडात धरा. कुठे कापड विरलंय ते लगेच कळतं: कोपरं, काखा, बाह्यांच्या कडा, आणि पाकीट ठेवायची सवय असेल तर खिशाचं तोंड. तिथे खडूने फुल्या मारा. त्या फुल्या सोडून जे उरलं, ते तुमचं कापड.

दुकानातून ताग्यावरचं कापड आणलं की आपण नमुना ठरवतो आणि कापड त्याच्या मागे येतं. इथे उलटं आहे. शर्टात आधीच काय काय तयार आहे ते बघायचं आणि नमुना त्याच्या मागे न्यायचा. शर्टात तयार काय आहे? बटणपट्टी, काजं, खालची दुमड आणि पाठीचा मोठा अखंड तुकडा. मोठ्या मापाच्या शर्टात पाठ साधारण ५५ सेंटीमीटर रुंद भरते. काजं करायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो, मग असलेली काजं कापून का टाकायची?

म्हणून शर्ट मागचा पुढे करा. बटणपट्टी मुलीच्या पाठीवर येऊ द्या. काखेच्या जरा खाली शर्टाला सरळ आडवी रेघ मारून कापा. खालचा भाग म्हणजे तुमचा घेर, त्याची दुमड आधीच शिवलेली आहे, तिला हात लावू नका. वरच्या भागात शर्टाची पाठ योकसकट (खांद्यांवरच्या आडव्या पट्टीसकट) फ्रॉकची पुढची चोळी होते. योकची शिवण मुलीच्या छातीवर आडवी येते आणि मुद्दाम घातल्यासारखी दिसते. शर्टाचे पुढचे दोन भाग चोळीची पाठ होतात, काजाबटणांसह. मुंडे (बाही जोडायची जागा) आणि गळा मुलीच्या मापाने नव्याने आखा. घेराला चुण्या घालून चोळीला जोडा, मात्र जोडताना बटणपट्टी वर-खाली एका रेषेत येतेय ना ते आधी टाचण्या लावून बघा. बाह्या हव्या असतील तर शर्टाच्या बाहीच्या कोपराच्या वरच्या भागातून काढा, तिथलं कापड सर्वांत कमी झिजलेलं असतं. उभा धागा उभाच ठेवा. तुकडा पुरत नाही म्हणून आडवा फिरवला तर तो भाग धुतल्यावर वेगळाच लोंबतो.

खिशाचा प्रश्न राहिला. तो आता पाठीवर येतो. उसवलात तर खाली न विटलेला गडद चौकोन निघेल, सुईच्या भोकांच्या रांगेसकट. मी तो तसाच ठेवते. पोरांना पाठीवरचा खिसा भयंकर आवडतो.

आणि उसवायचं किती? शर्टाच्या बाजूच्या शिवणी दुहेरी टिपेच्या असतात. त्या उसवायला जीव जातो आणि हाती बोटभर कापड येतं. तिथे सरळ कात्री चालवा. बाही मुंड्यातून उसवली तर मात्र तिचा पूर्ण माथा मिळतो, तिथे कष्ट घ्या.

दोन जुन्या जीन्स जोडून स्कर्ट शिवला. शिवताना सपाट होता, एका धुण्यात शिवणीवर लाटा आल्या. मशीन बिघडलं का?
— वैतागलेली

मशीनला बोल लावू नका. एक जीन्स निखळ सुती असणार आणि दुसरीत एक-दोन टक्के इलॅस्टेन, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा. आतल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. पट्टी कापून टाकली असेल तर कापड आडवं ताणून सोडा, चटकन परत आलं की समजा. ताणणारं कापड शिवताना मशीनच्या दाताखाली लांबतं, धुतल्यावर आखडतं, आणि शेजारचं सुती कापड जागचं हलत नाही. लाट यायचीच. ताणणारं ताणणाऱ्याला आणि न ताणणारं न ताणणाऱ्याला जोडायचं. दोन्ही आधी गरम पाण्यात धुवा, म्हणजे ज्याला आटायचंय ते कापण्याआधीच आटेल.

जीन्समधलं चांगलं कापड मांडीच्या मागच्या बाजूला आणि पोटरीवर असतं. आसनापाशी आणि मांडीच्या आतल्या बाजूला ते घासून पातळ झालेलं असतं, वरून कितीही बरं दिसो. जाड शिवणी जिथे एकमेकींवर येतात तिथे टीप मारण्याआधी शिवण कापडात गुंडाळून हातोडीने ठोका. हसू नका. धागे दबतात आणि सुई मोडत नाही. सुई १६ नंबरची घ्या.

आजोबांचा जाड लोकरी स्वेटर आहे, कोपरांना भोकं पडली आहेत. उसवून त्याच लोकरीचं काही विणता येईल का? आई म्हणते, हल्लीचे स्वेटर उसवत नाहीत.
— विणकाम करणारा (हो, मुलगा आहे)

आईचं अर्धं बरोबर आहे. काही उसवतात, काही नाही, आणि ते एक टाका न उसवताही कळतं. स्वेटर उलटा करा आणि बाजूच्या शिवणीची कड बघा. कडेवर ओव्हरलॉकचे तीन-चार दोरे गुंडाळलेले दिसले तर तो स्वेटर विणलेल्या मोठ्या कापडातून बेतून कापलेला आहे. तो उसवायला गेलात तर प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा हातात येईल, चाळीस-पन्नास सेंटीमीटरचा. त्याचं काही होत नाही. कड स्वच्छ असेल, टाके काठापर्यंत जाऊन वळलेले दिसत असतील आणि दोन भाग साखळीसारख्या टाक्याने जोडलेले असतील, तर भाग मापातच विणलेले आहेत. असा स्वेटर सलग उसवतो. आजोबांचा जुना आहे, त्यामुळे आशा ठेवायला हरकत नाही.

आधी शिवणी सोडवून पाठ, पुढचा भाग आणि बाह्या वेगळ्या करा. विणकाम बहुतेक वेळा खालून वर चढलेलं असतं, म्हणून प्रत्येक भाग वरच्या टोकाकडून उसवा. खालून सुरू केलात तर धागा पदोपदी अडकेल. निघेल तसा धागा खुर्चीच्या पाठीला गुंडाळत जा. लडी झाली की चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधा. लोकर आता शेवयांसारखी कुरळी दिसेल. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून लडी भिजत ठेवा. चोळू नका, पिळू नका, लोकर चोळली की घट्ट होते. पाणी निथळू द्या आणि लडी टांगून खाली थोडं वजन अडकवा. वाळेपर्यंत कुरळेपणा बराचसा जातो. तशीच कुरळी विणली तर टाके एकसारखे येत नाहीत, म्हणून ही पायरी गाळू नका.

कोपरांजवळची विरलेली लोकर बाजूला काढा. तिच्यात गाठीच गाठी होतात. तेवढी लोकर कमी पडणार, त्यामुळे त्याच मापाचा स्वेटर होणार नाही हे धरून चाला. बिनबाह्यांचा आरामात होतो.

आणि समजा तो चुकून कधी गरम पाण्यात धुतला गेला असेल, आटून जाड झाला असेल, तर उसवण्याचा नाद सोडा. लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकलेले असतात, ते सुटत नाहीत. मात्र असं कापड कापल्यावर धागे सुटत नाहीत, कड न दुमडताही चालते. त्याचं लहान मुलाचं जाकीट फार सुरेख होतं.

मोठ्या ब्रँडच्या दुकानांत जुने कपडे टाकायच्या पेट्या असतात. ‘यातून नवे कपडे बनतील’ असं लिहिलेलं असतं. खरंच बनतात का?
— संशयी

संशय रास्त आहे. थोडे बनतात, फार थोडे. वस्तू आणि माल पुन्हा वापरात आणण्यावर काम करणाऱ्या एलन मॅकार्थर फाउंडेशन या संस्थेने २०१७च्या अहवालात मांडलं होतं की, कपडे बनवायला जेवढा माल लागतो त्यातला एक टक्क्याहूनही कमी पुन्हा नव्या कपड्यांत येतो. पेटीत पडलेले कपडे आधी निवडले जातात. घालण्याजोगे असतील ते जुने म्हणूनच विकले जातात, बरेचसे दुसऱ्या देशांत. बाकीच्यांची पुसायची फडकी होतात किंवा पिंजून गाद्यांचं, भिंतींचं भरण होतं.

कापड पिंजून पुन्हा सूत काढणं मुळीच नवीन नाही. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या बॅटली गावात बेंजामिन लॉने १८१३मध्ये लोकरीच्या चिंध्या पिंजून, त्यात नवी लोकर मिसळून सूत काढलं. त्या कापडाला शॉडी म्हणतात. इटलीतलं प्राटो आणि आपल्याकडचं पानिपत याच धंद्यावर नावारूपाला आलं. प्राटोतले कारागीर चिंध्या रंगांनुसार इतक्या बारकाईने वेगळ्या करतात की नव्या सुताला बरेचदा रंगवावंच लागत नाही. मला हे कसब फार मोठं वाटतं, कुठल्याही यंत्राहून.

अडचण अशी, की पिंजताना तंतू तुटून आखूड होतात. आखूड तंतूंचं सूत कच्चं, म्हणून नवे तंतू मिसळावे लागतात. लोकर त्यातल्या त्यात सोसते, सुती कापडाचे हाल जास्त. त्यात हल्लीचं कापड सरमिसळ: सुतात पॉलिएस्टर, वर इलॅस्टेन. रसायनांनी कापड विरघळवून त्याचा लगदा करणं आणि त्यातून नवे तंतू काढणं हा दुसरा मार्ग आहे. स्वीडनमधल्या सुंड्सवाल इथे रिन्यूसेल कंपनीने सुती कपड्यांसाठी असा कारखाना २०२२मध्ये सुरू केला आणि फेब्रुवारी २०२४मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. लगदा तयार होत होता, पुरेशा ऑर्डरीच येत नव्हत्या. जाहिरातींत ‘सर्क्युलर’ (तेच कापड पुन्हा पुन्हा फिरवणारे) म्हणणाऱ्यांनी खरेदी करताना हात आखडता घेतला, असं माझं स्पष्ट मत आहे. कारखाना पुढे नव्या मालकांकडे गेला. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५पासून जुनं कापड वेगळं गोळा करणं सदस्य देशांना बंधनकारक झालंय. म्हणजे गोळा होणारा माल वाढणार. तो घेणारं कुणी हवं.

जाता जाता: ‘रिसायकल्ड पॉलिएस्टर’ असं लिहिलेला टी-शर्ट जुन्या टी-शर्टातून आला असेल असं समजू नका. बहुतांश वेळा तो प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून आलेला असतो.

पेटीत टाकायचंच असेल तर कपडा धुऊन, कोरडा करून टाका. आणि बटणं कापून घेऊ नका! ही काटकसर महागात पडते. घालण्याजोगा शर्ट बटणांवाचून थेट फडक्यांच्या ढिगात जातो.

फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट जुन्या कपड्यांवर घेतलाय. प्रत्येक कपडा वेगळा, मग साइजनुसार कलेक्शन कसं करायचं? शिवाय सर म्हणतात, अपसायकलिंग (जुन्या कपड्यातून नवा करणं) म्हणजे सर्क्युलर डिझाइन नव्हे.
— गोंधळलेली विद्यार्थिनी

सर बरोबर आहेत, पण त्यावर नंतर येते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कच्च्या मालात आहे. ‘जुने कपडे’ हा माल फार मोघम झाला. एकच जात निवड: पुरुषांचे सुती शर्ट, किंवा नुसत्या जीन्स, किंवा गणवेश. जात एक असली की तुकड्यांची मापं एका पट्ट्यात येतात. मग सर्वांत लहान शर्टातून काय निघतं ते मोज आणि तुझा नमुना त्यात बसव. आकार कायम, रंग सोडून दे. तुझ्या दहा कपड्यांत रेषा एक असेल आणि कापड दहा तऱ्हेचं. मोठी साइज हवी तर भाग ताणू नकोस, बाजूला पट्टी घाल आणि ती पट्टी सगळ्याच साइजना दे, कुठे रुंद, कुठे अरुंद. मग ती डिझाइनचाच भाग वाटते.

बेल्जियन डिझायनर मार्टिन मार्जिएलाचा लष्करी मोज्यांपासून केलेला स्वेटर शोधून बघ, १९९१च्या हिवाळी कलेक्शनमधला. मोजे उलगडून जोडलेत आणि टाचांचे फुगीर भाग नेमके कोपरांवर आणि छातीवर आणलेत. जिथे शरीराला फुगवटा हवा तिथे मोज्यात तो आधीच विणलेला होता. तुझ्या मालात असं काय आधीच आहे, ते शोधण्यात तुझ्या प्रोजेक्टचा निम्मा वेळ जाऊ दे.

आता सरांचं म्हणणं. जुना शर्ट आणि जीन्स जोडून तू जाकीट केलंस, आत पॉलिएस्टरचं अस्तर लावलंस, वर चिकटवायचं कॅनव्हास. छान दिसेल, पण ते जाकीट फाटलं की पुढे काय? ते उसवता येणार नाही आणि पिंजताही येणार नाही. एक जन्म वाढला आणि वाट बंद झाली. सर्क्युलर म्हणायचं तर पुढच्या उसवणीचा विचार आजच्या शिवणीत हवा. चिकटवण्याऐवजी हातटाक्याने बसव. अस्तर सुटं कर, बटणांवर लाव. सुती कपडा सुती दोऱ्यानेच शिव. शिवणीत माया (टिपेपलीकडचं जादा कापड) भरपूर सोड, दोन सेंटीमीटर तरी, म्हणजे पुढचा माणूस सैल करू शकेल. बाजारात अजून तरी उलटंच चालतं, माया इतकी आखूड की कपडा बोटभरही वाढवता येत नाही.

उद्योगात याचे नमुने आहेत. एलन मॅकार्थर फाउंडेशनने २०१९मध्ये जीन्ससाठी जे निकष काढले, त्यांत जीन्स किमान ३० घरगुती धुणी टिकली पाहिजे आणि धातूचे रिव्हेट (खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकलेल्या बारीक टिकल्या) नसावेत किंवा अगदी कमी असावेत अशा अटी होत्या. कारण साधं आहे. रिव्हेट काढताना भोवतालचं कापडही कापून टाकावं लागतं. बेल्जियममधली रिसॉर्टेक्स कंपनी ठरावीक उष्णतेला वितळणारा दोरा बनवते. मोठ्या भट्टीत कपडा तापवला की शिवणी आपोआप सुटतात. तुझ्याकडे भट्टी नसली तरी काही अडत नाही. शिवणीची सुरुवात कुठे आहे ते दाखवणारा एक रंगीत टाका ठेव आणि परीक्षकांसमोर जाकीट पाच मिनिटांत उसवून दाखव. भाषणाची गरज पडणार नाही.

पांढरा शर्ट पिवळट पडलाय. गडद निळा रंगवला तर नव्यासारखा दिसेल?
— घाईत असलेला

कापड सुती असेल तर रंग घेईल. शिवणीचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो, तो रंग घेणार नाही. निळ्या शर्टावर पांढऱ्या टिपा उठून दिसतील. मला त्या आवडतात, तुम्हाला आवडतील का ते बघा. कापडातच पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर रंग फिका बसेल. आतल्या शिवणीतून नखाएवढा तुकडा कापून आधी तो बुडवून बघा. तेलाचे डाग रंगाखाली लपतील ही आशा सोडा, तिथे रंग वेगळाच बसतो.

सगळं शिवून झाल्यावर उरलेल्या चिंध्यांचं काय करायचं? टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही.
— चिंधीचोर

कापतानाच तीन ढीग करा, नंतर कुणी निवडत बसत नाही. तळहाताहून मोठे तुकडे ठिगळांसाठी आणि खिशाच्या अस्तरासाठी. लांबट तुकड्यांतून उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्ट्या काढा, चार सेंटीमीटर रुंद, तुकडे जोडून गुंडाळी करून ठेवा. गळ्याला आणि मुंड्यांना लावायला त्या कायम लागतात आणि कापडाच्या रंगाशी जुळल्या नाहीत तर जास्त शोभतात. बाकीचा चुरा उशांच्या भरणाला. चुरा खरोखर बारीक करा, लांब पट्ट्या तशाच भरल्या तर दोन महिन्यांत उशीत गोळे होतात. इलॅस्टिक आणि झिप आधी काढून घ्या. आणि भरण्यापूर्वी चुऱ्यावरून एकदा लोहचुंबक फिरवा, एखादी टाचणी राहिलेली असतेच.